बाहेरचं कुलूप

मंगळवार

पोचले एकदाची. गाडीवाल्याने वेशीबाहेरच उतरवलं. आत गाड्या सोडत नाहीत म्हणे, जुन्या फरश्या खराब होतात. फरश्यांची काळजी आहे, माझ्या गुडघ्यांची कुणाला नाही. बॅग ओढत चढ चढले. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, तट किती जुना, तट किती जाड. असेल बाई. शत्रूला बाहेर ठेवायला बांधला होता ना? आता शत्रू तिकीट काढून आत येतो आणि आईस्क्रीम खात फिरतो.

लॉजवालीने मठासमोरची खोली दिली. "खिडकीतून मनोरा दिसतो हं," असं तिने अशा थाटात सांगितलं की मनोरा तिच्या वडिलांनीच बांधलाय. पलंग करकरतो, दाराची कडी लागत नाही. कडी मीच नीट केली. लॉजवाली म्हणाली, "अय्या, इतकं सोपं होतं?" सोपंच असतं हो, हात हलवला की.

वही उघडलीय ती बोलायला माणूस नाही म्हणून. मी काही मठ बघायला आलेली नाही. माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी या मठातली जुनी कुलपं बघायला म्हणून आली आणि आतच बसली. लोक फार तर फोटो काढून परत येतात. हिचं सगळंच जगावेगळं. येत्या रविवारी ती कायमची आत जाणार. मग बाहेर येणं नाही, भेटणं नाही, काही नाही. मी तिला घरी न्यायला आलेय.

कुलूपकिल्ल्यांचं दुकान बाबांनी आम्हा दोघींच्या हाती दिलं. म्हणायचे, थोरलीची जीभ आणि धाकटीचा हात, दुकानाला मरण नाही. जीभ आहे अजून.

बुधवार

सकाळी पर्यटकांच्या घोळक्यात शिरले, कारण एकटीला आत सोडत नाहीत. गाईड मिटलेली छत्री डोक्यावर धरून पुढे आणि आम्ही मेंढरं मागे. छत्रीवाल्याला सगळं तोंडपाठ. हा खांब अमक्या राजाने दिला, ती खिडकी तमक्या राणीने. कुणी काही स्वतः बांधलं का इथं, की नुसत्या देणग्याच?

मठाचं चर्च थंडगार. माणसं माना वर करून "अहाहा" करत होती. मी दारं बघत होते. एका बिजागरीला तेल नाही! छताला एवढा सोन्याचा मुलामा आणि कुलपाला थेंबभर तेल नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

मग छत्रीवाल्याने आम्हाला मठाच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीत एक लाकडी कपाट बसवलंय, पिंपासारखं गोल, मधल्या खुंट्यावर फिरणारं. आपण इकडून वस्तू ठेवायची, फिरवायचं, आतली बाई तिकडून घेते. तोंड कुणाचं कुणाला दिसत नाही. मठातली बिस्किटंसुद्धा अशीच विकतात. छत्रीवाला सांगत होता, "पलीकडे एकच सिस्टर बसते, तिने बोलायचं नाही. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि गंमत म्हणजे, या कपाटावर कोणी बसायचं याचीही इथं रीत आहे. जी लवकरच..."

"दादा," मी म्हटलं, "रीत राहू द्या, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय. पडाल आणि छत्री आमच्यापैकी कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

सगळे हसले. तो नाडी बांधायला वाकला आणि उठला तो थेट कुठल्याशा राणीच्या थडग्याकडे चालू लागला. सुटले मी एका रीतीतून.

घोळका पुढे गेल्यावर मी कपाटापाशी थांबले. "कुणी आहे का?"

टक.

"माझी बहीण आहे तुमच्याकडे. कुलूपवाली. तिला निरोप द्याल?"

बराच वेळ काही नाही. मग टक.

"तिला सांगा, ताई आलीय. आणि सांगा, पुरे झाला आता चक्रमपणा."

यावर हो नाही की नाही नाही. धड टकटकही येत नाही या बाईला. बिस्किटं मागितली तर कपाट फिरून आले सुके टोस्ट, बिनसाखरेचे. बाकी सगळ्यांना साखर पेरलेली बिस्किटं, मला टोस्ट! मला साखरेचा आजार आहे हे हिला काय स्वप्न पडलं? आवाजावरूनच कडू वाटले असणार. टोस्ट बरे होते, ते सोडा.

गुरुवार

मठाच्या प्रमुख मदरना भेटले. मध्ये लोखंडी जाळी, जाळीमागे काळा पडदा, पडद्यामागे मदर. भेटले म्हणायचं आपलं.

"मला बहिणीला भेटायचंय."

"या आठवड्यात तिचं मौन आहे, ताई. रविवारी चर्चमध्ये दिसेल तुम्हाला."

"दिसेल! मी काय मनोरा बघायला आलेय?"

त्या हसल्या बहुतेक. मग त्यांनी रविवारचं सांगितलं. चर्चमधून मठात जायला एक दार आहे. आत जाणारी त्या दारातून जाते, दार लोटलं जातं आणि बाहेरून कुलूप घालायचं ते घरच्या माणसाने. लगेच किल्ली फिरत्या कपाटातून आत द्यायची. घरच्यांनी कुलूप घातलं नाही तर त्या मुलीला वर्षभर थांबावं लागतं.

"म्हणजे चोरी करणारे तुम्ही आणि दाराला कडी लावणारी मी."

"म्हणजे तुमच्यावाचून होत नाही," मदर म्हणाल्या. गोड बोलतात. गिऱ्हाईक म्हणून आल्या असत्या तर मी दुप्पट सावध राहिले असते.

तेवढ्यात दारवान कुलूप घेऊन आला. नारळाएवढं कुलूप, गंजाने लाल. किल्ली घालून तो झटतोय, घामाघूम झाला, कुलूप ढिम्म. जाळीमागून मदरचा आवाज, "अरे देवा. गेल्या खेपेलाही असंच झालं होतं."

माझ्याने बघवेना. "द्या इकडे ते! किल्ली आहे की पहार?" म्हणून हिसकावलंच त्याच्या हातून. घेताना माझ्या कोटाचं बटण तुटून पडलं.

एक अट घातली मदरनी. मठाची वस्तू रात्री बाहेर राहत नाही. दिवसा दुरुस्ती करा, संध्याकाळी कपाटातून आत द्या. माझ्या हत्यारांची थैलीही सोबत ठेवा म्हणाल्या, सगळं एका जागी राहील. संध्याकाळी कुलूप ठेवलं, थैली ठेवली, कोटही ठेवला आणि सांगितलं, "बटणाला टाका घालणारं कुणी असेल तर बघा."

टक.

शुक्रवार

कोट आला. तपकिरी कोट, तपकिरी बटण आणि दोरा निळा! वर दोऱ्याचे दहा वेढे, बटण आहे की भोवरा? धाकटीही असंच शिवते. लोखंडातलं केसाएवढं काम करेल, पण सुई हातात दिली की बट्ट्याबोळ. सगळ्या मठाला तिने हेच शिकवलं असेल, तर देवच वाचवो त्यांना.

दुसरं म्हणजे थैलीतलं स्प्रिंगच्या तारेचं बंडल निम्मं झालंय. मठात तारचोर! आता बोला.

दिवसभर कुलपावर होते. मठाच्या अंगणात बाकावर पसारा मांडला. रॉकेलमध्ये भिजवलं, गंज खरवडला, आतल्या पट्ट्या सोडवल्या. आत पुतळ्यासारखी जाम झालेली जाड स्प्रिंग. कुणी तरी मागे कुलपात मेण ओतलंय. मेण! श्रद्धेचं तेल म्हणून की काय. पर्यटक मला बघायला थांबले, एकाने फोटो काढला. छत्रीवाल्याने सांगून टाकलं, "मठाच्या पारंपरिक कारागीर." त्याच्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं आधी.

चार वाजेपर्यंत कुलूप चालू झालं. खट्! काय आवाज तो. बाबा असते तर दोनदा वाजवून ऐकला असता. मी चारदा वाजवला.

आणि मग लक्षात आलं. अगं भवाने, हे कुलूप नीट झालं तर आत कोण अडकणार आहे? तू आलीस कशाला आणि करून काय बसलीस? हातात काम आलं की माझी अक्कल गहाण पडते. आमच्या घराण्यालाच हा रोग आहे.

संध्याकाळी कुलूप परत द्यायला गेले तेव्हा अंगणात चिटपाखरू नव्हतं. कपाटापाशी कट्ट्यावर टेकले. पलीकडची बाई मुकी, ती कुणाला सांगणार? म्हणून बोलले.

"बाई, तुम्हाला सांगते, माझ्या बहिणीला देवाचं काही पडलेलं नाही. आमच्या घरात देवाशी बोलणं कामापुरतं. ती रुसून बसली असेल कशावर तरी. मी बोलते फार, मान्य, पण मी काय आजच बोलायला लागले?"

मी थैली मांडीवर घेतली.

"बारीक काम येतं दुकानात, तिजोरीचं, जुन्या पेटीचं. मी परत पाठवते. वेळ नाही म्हणून सांगते. वेळ ढीगभर आहे हो. हात थरथरतो माझा. स्प्रिंग चिमट्यात धरली की उडून जाते, अर्धा दिवस जमिनीवर शोधते. आजची जाड होती म्हणून निभावलं. तिला कळवलं नाही मी हे. कळवलं असतं तर दयेपोटी आली असती आणि मग जन्मभर ऐकवलं असतं तिने. ती ऐकवत नाही म्हणा. ऐकवते मीच. तिला सांगू नका."

बऱ्याच वेळाने टक झालं. हळू, नखाने केल्यासारखं.  कुलूप आणि थैली ठेवून निघून आले.

शनिवार

युक्ती सापडली. रात्री झोप लागली नाही, त्याचा एवढा फायदा.

नाही म्हणून उपयोग नाही. मी कुलूप घातलं नाही तर धाकटी वर्षभर थांबेल, पुन्हा उभी राहील, आणि माझ्याशी तोंडातून शब्द काढणार नाही. तिचा हट्ट बाहेरून दिसत नाही, पण तो या तटाहून जाड आहे. तेव्हा हो म्हणायचं, चारचौघांत कुलूप घालायचं, आणि ते कुलूप असं करून ठेवायचं की आतून दाराला एक खांदा दिला की उघडेल. एक दिवस डोकं ठिकाणावर येईल, खांदा देईल, बाहेर येईल. न बोलता, न विचारता. तिला तेच आवडतं.

सकाळी कुलूप बाहेर घेतलं. जाड स्प्रिंग काढली, तिच्या जागी बारीक वाकडी तार बसवली. हात इतका थरथरत होता की तार तिसऱ्या खेपेला बसली. काम भिकार झालं, पण भिकारच तर करायचं होतं. लावलं की खट् वाजतं, एक हिसका दिला की उघडतं. दारवान येऊन म्हणाला, "वा ताई, नव्यासारखं केलंत!" उंटावरचा शहाणा.

मदरना सांगून आले, उद्या मी कुलूप घालते. त्या म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मला जरा लाज वाटली. जराच.

संध्याकाळी कपाटात कुलूप आणि थैली ठेवताना राहवेना. चोराला चोरी पचते, मला माझी हुशारी पचत नाही. "बाई, तुम्ही मुक्या म्हणून सांगते. कुलपात दम नाही. मुद्दाम काढलाय. खरी स्प्रिंग थैलीतल्या डबीत आहे. माझी बहीण उद्या आत येईल. कधी तरी ती दाराशी घुटमळताना दिसली तर एवढं करा, तिला म्हणा, खांदा दे. बोलायचं नसेल तर दाराकडे बोट दाखवा. कराल ना एवढं?"

काही नाही. मी पुन्हा विचारलं.

टक टक.

नाही! मठातल्या बाया म्हणे दयाळू. मी कपाट असं फिरवलं की भिंत हलली असेल. आता ती मदरकडे जाऊन चुगली करते की काय, ही धास्ती. पण लेखी चुगली करायला हिच्याकडे कागद तरी आहे का? बघू.

रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

चर्च भरलं होतं. पर्यटकांनासुद्धा उभं राहू दिलं, जत्राच. धाकटी पांढऱ्या कपड्यांत मदरच्या शेजारी होती. बारीक झालीय. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मी म्हटलं, "जेवत नाहीस का गं?" सगळ्यांनी वळून पाहिलं. ती हसली. दोन वर्षांनी हसताना पाहिली, आणि हसली ती, बाबांच्या मागे उभं राहून आम्ही दोघी गिऱ्हाइकाला हसायचो तशी. मग ती दारातून आत गेली. मागे वळली नाही. दार लोटलं.

दारवानाने कुलूप माझ्या हातात दिलं. मी कडीत घातलं, दाबलं. खट् झालं.

पण आवाज कालचा नव्हता. शुक्रवारचा होता.

सवयीने ओढून पाहिलं. बाबांची शिकवण, लावलेलं कुलूप ओढल्याशिवाय निघायचं नाही. हललं नाही. हिसका दिला. हललं नाही. दोन्ही हातांनी लोंबकळले मी त्या कुलपाला, सगळ्या चर्चसमोर. फादर खोकले. दारवान कानाशी आला, "ताई, घट्ट लागलंय, काळजी नको."

"कुणी उघडलं होतं हे?" मी म्हटलं. "काल रात्री कुणाच्या हातात होतं?"

"कपाटावरच्या सिस्टरच्या. दुसरं कोण?"

"आणि कोण आहे ती?"

 "तुमची बहीण की. आत जायच्या आधीचा आठवडा कपाटावर तीच बसते, जगाचं सगळं ऐकायचं आणि उत्तर द्यायचं नाही. गाईडने सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगत होता. मी त्याला नाडी बांधायला लावली.

टोस्ट. निळा दोरा. बाई गं, मी डोळे ठेवले होते तरी कुठे? आयुष्यभर दुसऱ्यांना आंधळं म्हणत आले.

किल्ली द्यायला कपाटापाशी गेले.  दारवान म्हणाला, किल्ली घ्यायला शेवटची तीच बसेल. किल्ली हातातच धरून विचारलं, "तू आहेस?"

टक.

"सगळं ऐकलंस?"

टक.

"स्प्रिंग तूच बदललीस? खरी?"

टक. ही टक जरा ठसक्यात होती. कामाचं विचारलं की तिला ठसका यायचाच.

"रागावलीस?"

टक टक. लगेच.

मग मी ते विचारलं ज्यासाठी एवढ्या लांब आले होते.  "घरी येतेस का गं?"

 मला तिचा श्वास ऐकू येत होता, लाकडाच्या पलीकडून. ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही, मी रडत होते.

टक टक.

"बरं," मी म्हटलं. "मग नीट राहा. तेल घाल त्या बिजागऱ्यांना, लाज आणतात." किल्ली ठेवली, कपाट फिरवलं. ते परत फिरून आलं तेव्हा किल्लीच्या जागी माझी थैली होती. उघडली नाही. हत्यारं परत केली, म्हणजे आठवणसुद्धा नको, असं वाटून राग आला. लॉजवाली विचारत होती कसा वाटला आमचा मठ. म्हटलं, दारं चांगली आहेत.

बुधवार, घरी

दुकान उघडलं. धूळ. समोरचा शिंपी म्हणाला, "काय ताई, एकट्याच आलात?" म्हटलं, "नाही, मठ खांद्यावर घेऊन आलेय, दिसत नाही का?"

दुपारी म्हातारे घड्याळवाले आले, आईची पेटी घेऊन. बारीक कुलूप, नखाएवढं. आतली स्प्रिंग गेलेली. मी वेळ नाही म्हणणार होते. थैली मात्र उघडली, सवयीने.

डबी जड लागली. डबीत स्प्रिंगा होत्या. दुकानाला वर्षभर पुरतील एवढ्या, सगळ्या मापांच्या, माझ्याच तारेच्या, कागदाच्या पुड्यांत माप लिहून. मठातला तारचोर! अगदी तळाशी ती माझी वाकडी तारही होती, सरळ करून ठेवलेली.

पेटीच्या मापाची एक घेतली. घड्याळवाले बघत होते, हात थरथरतच होता. पण चिमटा पहिल्याच खेपेला बसला. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक स्प्रिंगचं एक टोक लांब ठेवलंय तिने, थरथरणाऱ्या हातालाही धरता यावं इतकं. बसवली की ते टोक तोडून टाकायचं.

स्प्रिंग बसवली. टोक तोडलं. पेटी लावली आणि ओढून पाहिली.

"किती झाले?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा लावून आवाज ऐकला.